शारीरिक सुदृढतेची प्रश्नावली : मुलांच्या उत्तरांवर किती विसंबावे?

शारीरिक सुदृढतेचा तक्ता भरण्याचे काम शाळेत बहुधा अशा दिवसांत येते, की ज्या दिवसांत शिक्षकाजवळ वेळ सर्वांत कमी असतो. पटांगण आखलेले नसते, वेळ मोजण्याचे घड्याळ सापडत नाही, दोन वर्ग एकाच शिक्षकाकडे असतात, आणि तक्ता तर उद्याच केंद्रावर पोहोचवावयाचा असतो. अशा वेळी मुलांनाच विचारून घ्यावे, असा मोह होणे स्वाभाविक आहे. "ज्याला दम लागत नाही त्याने हात वर करावा" असे म्हटले, की अर्ध्या तासात सारा तक्ता भरून होतो. हा मोह प्रस्तुत लेखकालाही एकदा झालेला आहे. त्याची हकीकत पुढे येईल.

मुलाने स्वतःच्या शरीराविषयी जे सांगितले ते सरसकट टाकाऊ मानावे, असे मात्र नव्हे. विचारून माहिती घेण्याच्या ह्या रीतीचा गेल्या काही दशकांत देशोदेशी बारकाईने अभ्यास झालेला आहे, आणि त्यातून निघालेले निष्कर्ष प्राथमिक शिक्षकाला उपयोगी पडतील असे आहेत. ते आपल्या जिल्ह्यातील शाळांच्या परिस्थितीला लावून पाहावेत, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

तालमीतील रीत

आपल्याकडे शरीराची पारख करण्याची जुनी जागा म्हणजे तालीम. वस्तादाने नव्या पोराला "तुझ्या अंगात ताकद किती?" असे विचारल्याचे कोणी ऐकले नसेल. तो जोर मोजतो, बैठका मोजतो, आणि मग पोराला हौद्यात उतरवून त्याच्या वयाच्या दुसऱ्या पोराशी खडाखडी घेतो. पोराने आपल्या बैठकांचा आकडा बाहेर चारचौघांत वाढवून सांगितला, तरी वस्तादाचा हिशेब त्यामुळे बदलत नाही.

शाळांतील शारीरिक परीक्षणाचा आरंभही मोजमापापासूनच झाला. अमेरिकेत १९५४ साली हान्स क्राउस व त्यांचे सहकारी ह्यांनी स्नायूंच्या किमान ताकदीच्या सहा सोप्या कसोट्या शाळकरी मुलांना दिल्या, तेव्हा अमेरिकेतील शेकडा ५७.९ मुले निदान एका कसोटीत अनुत्तीर्ण झाली. युरोपातील मुलांत हेच प्रमाण शेकडा ८.७ इतके होते. धष्टपुष्ट दिसणाऱ्या मुलांचा हा निकाल पाहून तो देश चमकला, व १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांनी तरुणांच्या सुदृढतेसाठी एक स्वतंत्र परिषद नेमली. आपल्या देशातही १९५९-६० साली राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम सुरू झाली; तीत धावणे, उडी, फेक इत्यादींची वयोगटांनुसार प्रमाणे ठरवून दिलेली होती. पुढे २९ ऑगस्ट २०१९ रोजी, राष्ट्रीय क्रीडा दिनी, 'फिट इंडिया' चळवळीस आरंभ झाला, आणि त्याच वर्षी 'खेलो इंडिया'च्या शालेय परीक्षणाची पद्धत शाळांपुढे आली. तिच्यानुसार पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एका पायावर तोल सांभाळणे, व दोन चकत्यांवर आळीपाळीने हात टेकवणे एवढ्याच बाबी आहेत. चौथीपासून पुढे बीएमआयसोबत ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकणे, पाठीवर निजून धड अर्धवट उचलणे, आणि पुश-अप असे परीक्षण होते.

ह्यांतील एकही बाब विचारून भरावयाची नाही. तथापि मोजणीला साधने, जागा व माणसे लागतात. हजारो माणसांची पाहणी करावयाची झाल्यास प्रत्येकाला धावावयास लावणे अशक्य होते. म्हणून अभ्यासकांनी प्रश्नावल्या तयार केल्या, आणि त्यांच्याबरोबरच हा प्रश्न उभा राहिला, की लोकांनी दिलेली उत्तरे धरून चालावीत काय?

एकसारखे उत्तर आणि खरे उत्तर

अध्यापन-पदविकेच्या अभ्यासक्रमात आपण सर्वांनी 'विश्वसनीयता' व 'सप्रमाणता' हे दोन शब्द पाठ केलेले असतात. पाठ केल्यामुळेच की काय, त्यांतील भेद पुढे आपल्या लक्षात राहत नाही. शाळेतील वजनकाटा प्रत्येक वेळी दोन किलो अधिक दाखवीत असेल, तर तो विश्वसनीय आहे. कारण त्याच मुलाला तो दहा वेळा तेच वजन सांगतो. मात्र तो सप्रमाण नाही. कारण तो सांगतो ते त्या मुलाचे वजन नव्हे. प्रश्नावलीचेही असेच आहे. मुलाने पंधरा दिवसांनी पुन्हा तेच उत्तर दिले, म्हणजे त्याचे आपल्याविषयीचे मत टिकाऊ आहे एवढे सिद्ध झाले. ते मत खरे आहे की नाही, हे पाहण्यासाठी पटांगणावरच जावे लागते.

ह्या भेदाचे एक ठळक उदाहरण सुदृढतेला लागूनच असलेल्या एका विषयातील, म्हणजे शारीरिक हालचालींसंबंधीचे आहे. माणूस आठवड्यात किती चालतो, किती कष्टाची कामे करतो, किती वेळ बसून राहतो हे विचारणारी एक आंतरराष्ट्रीय प्रश्नावली प्रौढांसाठी तयार करण्यात आली, व १२ देशांतील १४ केंद्रांत तिची पडताळणी होऊन निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. तीच प्रश्नावली त्याच माणसांना पुन्हा दिली असता दोन्ही वेळच्या उत्तरांतील सहसंबंध ०.८ च्या आसपास आला. कोणत्याही परीक्षकाला समाधान वाटावे असा हा आकडा आहे. परंतु त्याच माणसांच्या कमरेला हालचाल मोजणारे उपकरण बांधून त्याच्याशी उत्तरे ताडून पाहिली, तेव्हा सहसंबंध सुमारे ०.३ एवढाच भरला. माणसे आपल्या सांगण्याशी प्रामाणिक होती, पण त्यांचे सांगणे त्यांच्या चालण्याशी फारसे जुळत नव्हते. प्रौढांची ही स्थिती, तर दहा वर्षांच्या मुलाकडून अधिक अपेक्षा कशी करावी?

खुद्द सुदृढतेविषयी विचारणारी प्रश्नावली ह्यापेक्षा बरीच सुटसुटीत आहे. युरोपातील नऊ देशांच्या दहा शहरांत २००६ ते २००८ ह्या काळात 'हेलेना' नावाचा अभ्यास झाला. साडेबारा ते साडेसतरा वयाच्या मुलामुलींना त्यात केवळ पाच प्रश्न विचारण्यात आले : एकंदर सुदृढता कशी आहे, दमदारपणा कसा आहे, स्नायूंची ताकद कशी आहे, वेग व चपळता कशी आहे, आणि लवचिकता कशी आहे. प्रत्येकासाठी 'फार कमी' पासून 'फार चांगली' पर्यंत पाच पायऱ्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसून आले, की ज्यांनी स्वतःला वरच्या पायरीवर ठेवले त्यांची प्रत्यक्ष कसोट्यांतील कामगिरीही सरासरीने चांगली होती. म्हणजे ही उत्तरे अगदीच हवेतील नव्हती.

येथे 'सरासरीने' ह्या शब्दावर थांबणे अवश्य आहे. 'फार चांगली' असे म्हणणारी शंभर मुले एकत्र केली, तर त्यांची सरासरी 'कमी' म्हणणाऱ्या शंभर मुलांपेक्षा वर असेल. त्यावरून त्या शंभरांतील एखादे विशिष्ट मूल सुदृढ आहे, असे मुळीच ठरत नाही. तालुक्यातील मुलांची एकंदर स्थिती अजमावणाऱ्या अभ्यासकाला सरासरी पुरते. शिक्षकाचा तक्ता मात्र एकेका मुलाच्या नावाने असतो. प्रश्नावलीचे बळ जेथे आहे तेथे शिक्षकाचे काम नाही, आणि शिक्षकाचे काम जेथे आहे तेथे प्रश्नावली दुबळी पडते.

एक हिशेब

उत्तरे किती टिकतात हे पाहण्याची रीत वर्गातच करून पाहण्याजोगी आहे. त्यात एक फसगत होते, ती उदाहरणाने दाखवितो. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत.

समजा, पाचवीच्या वर्गात ४० मुले आहेत, व त्यांना एकच प्रश्न विचारला : "तुझा दम चांगला टिकतो काय?" ३२ मुलांनी 'होय' लिहिले, ८ मुलांनी 'नाही'. पंधरा दिवसांनी हाच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हाही ३२ व ८ असेच आकडे आले. मुख्याध्यापकांना दाखविण्यास हा निकाल फारच सुंदर दिसतो. पण नावे ताडून पाहिल्यावर कळते, की २७ मुलांनी दोन्ही वेळा 'होय' लिहिले, ३ मुलांनी दोन्ही वेळा 'नाही' लिहिले, ५ मुले 'होय' वरून 'नाही'वर गेली, आणि दुसरी ५ मुले 'नाही' वरून 'होय'वर आली. म्हणजे ४० पैकी ३० मुलांची उत्तरे कायम राहिली. शेकडा ७५ जुळणी झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु ज्या वर्गात शेकडा ८० मुले 'होय'च म्हणतात, तेथे मुलांनी डोळे मिटून खूण केली तरी पुष्कळ उत्तरे आपोआप जुळतील. दोन्ही वेळा 'होय' येण्याचा योग ०.८ गुणिले ०.८, म्हणजे शेकडा ६४. दोन्ही वेळा 'नाही' येण्याचा योग ०.२ गुणिले ०.२, म्हणजे शेकडा ४. दोन्ही मिळून शेकडा ६८ जुळणी केवळ योगायोगाने होते. आपल्याला मिळालेल्या ७५ मधून हे ६८ वजा केले, की उरतात ७. योगायोगापलीकडे जास्तीत जास्त ३२ मिळविता आले असते. ७ ला ३२ ने भागले असता ०.२२ येतात. हा हिशेब जेकब कोहेन ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली मांडला, आणि येणाऱ्या आकड्यास 'कापा' असे म्हणतात. पूर्ण जुळणीला १, निव्वळ योगायोगाला ०. आपले शेकडा ७५ येथवर घसरले! हेलेना अभ्यासातील पाच प्रश्नांबाबत पुनःपरीक्षणात हा आकडा ०.५४ ते ०.६५ इतका होता. तेथे एका पायरीचा फरक कमी व चार पायऱ्यांचा फरक अधिक धरण्याची सुधारलेली रीत वापरलेली आहे. मध्यम, पण बऱ्यापैकी, असे त्याचे वर्णन करता येईल.

वरील उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, व शिक्षकाच्या दृष्टीने तीच मोठी आहे. पहिल्या वेळी ज्या ८ मुलांनी 'नाही' लिहिले, त्यांच्यापैकी दुसऱ्या वेळी तिघांनीच 'नाही' लिहिले. ज्यांच्याकडे मुद्दाम लक्ष पुरवावयाचे, त्या आठांतील पाच मुले पंधरा दिवसांत यादीतून निसटली, आणि एकंदर आकडा जागचा हलला नाही.

दोन परीक्षणांतील अंतराविषयी एक सूचना करणे अगत्याचे आहे. अंतर दोन-तीन दिवसांचेच ठेवले, तर मूल मागचे उत्तर आठवून लिहिते. ते चार महिन्यांचे ठेवले, तर मधल्या काळात मूल खरोखरच बदललेले असते. ऊसतोडीच्या हंगामात आई-बापांबरोबर फडावर गेलेले मूल परत येते तेव्हा त्याची ताकद, वजन, दम सारेच निराळे असू शकते; तेथे उत्तर बदलले तर दोष उत्तराचा नव्हे. साधारण दोन आठवड्यांचे अंतर सोयीचे पडते.

मूल कोणाशी तुलना करते?

हेलेना प्रश्नावलीत मुलांना आपल्या मित्रांशी तुलना करून उत्तर देण्यास सांगितलेले असते. हे योग्यच आहे, कारण मुलाजवळ दुसरे माप नसते. परंतु मित्र कोण, ह्यावर उत्तर फिरते. माळशिरस तालुक्यात अकलूजच्या बाजूला ज्याचे सोबती पहाटे तालमीत जातात, किंवा वेळापूरसारख्या खो-खोचे नाव असलेल्या गावी ज्याच्या शेजारी बसणारा मुलगा जिल्ह्याच्या संघात खेळतो, तो मुलगा स्वतःला 'मध्यम' म्हणेल. तितकाच दम असलेला दुसरा मुलगा वीस पटाच्या एखाद्या वस्तीशाळेत स्वतःला 'फार चांगला' म्हणेल. दोघेही खरे बोलत आहेत, पण त्यांच्या पायऱ्या एकाच जिन्याच्या नाहीत. अशी उत्तरे एकत्र करून शाळाशाळांची तुलना करणे म्हणजे एकाचे हात व दुसऱ्याचे फूट घेऊन कापड मोजण्यासारखे आहे. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याचा थोरला भाऊ कुस्त्या मारीत असे, आणि ह्याने प्रत्येक प्रश्नापुढे 'कमी' असे लिहिले होते. ६०० मीटरमध्ये तो सर्वांच्या पुढे आला, व आल्यावर घड्याळ चुकले असेल अशी शंकाही त्यानेच काढली.

भाषेची अडचण आपल्या जिल्ह्यात विशेष आहे. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर ह्या भागांत घरी कानडी बोलणारी मुले आहेत, तांड्यांवर बंजारा बोली आहे, सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगू आहे, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. प्रश्न एका भाषेत तयार करून दुसऱ्या भाषेत नुसता उतरविला, तर तो तोच प्रश्न राहतो असे समजू नये. तो तिसऱ्या माणसाकडून परत मूळ भाषेत आणून ताडून पाहावा लागतो. फार कशाला, खुद्द मराठीतही 'दमदारपणा' हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर मुलाच्या कानावर पडत नाही, आणि 'दम' म्हटले की त्याला गुरुजींनी दिलेला दम आठवतो! 'लवचिकता' तर बहुतेकांना वेताच्या छडीचा गुण वाटतो. म्हणून "तुझी लवचिकता कशी आहे?" ह्याऐवजी "गुडघे न वाकविता तुला पायाचे अंगठे धरता येतात काय?" असे विचारावे. उत्तर लगेच सुधारते. मात्र असे विचारले की निम्मी मुले बाकावरून उठून करूनच पाहू लागतात. प्रश्न जितका नेमका करावा, तितका तो कसोटीजवळ सरकतो.

वयाचाही विचार केला पाहिजे. सात-आठ वर्षांच्या आतील मुलाला 'मी खूप प्रयत्न करतो' आणि 'मला चांगले जमते' ह्यांतील अंतर स्पष्ट कळत नसते. ते जीव तोडून धावते, म्हणून आपण जोरात धावतो असे त्यास वाटते. ही बढाई नव्हे. तिच्यामुळे ते पुन्हा पुन्हा धावत राहते, म्हणून ती मोडून काढण्याचीही गरज नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना ही प्रश्नावली देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चौथी-पाचवीपासून पुढे मूल स्वतःकडे इतरांच्या शेजारी ठेवून पाहू लागते, व तेव्हा उत्तराला काही अर्थ येतो. मात्र त्याच वयात चांगले दिसण्याची इच्छाही वाढते. गुरुजींना काय आवडेल ते मुलास कळू लागते. हुशार मुलांची एक निराळीच तऱ्हा असते. प्रगतिपुस्तकावर सर्वत्र वरची श्रेणी पाहण्याची सवय झालेली असल्यामुळे दमदारपणापुढेही त्यांचा हात तिकडेच जातो.

चांगले दिसण्याच्या इच्छेला थोडा बांध घालता येतो. अमेरिकेतील सुसान हार्टर ह्यांनी १९८२ साली मुलांच्या स्वतःविषयीच्या मतांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत "तू चांगला धावतोस काय?" असे सरळ विचारलेले नसते. प्रश्नाची घडण अशी असते : काही मुलांना लांबवर धावणे सोपे जाते, तर काही मुले मध्येच थांबून श्वास घेतात, तू ह्यांपैकी कोणत्या मुलांसारखा आहेस? दोन्ही प्रकारची मुले जगात आहेत, हे प्रश्नानेच मान्य केलेले असल्यामुळे मुलाला कमीपणा वाटत नाही. आपल्या वर्गात ही रीत सहज चालण्याजोगी आहे. त्याशिवाय उत्तरे तोंडी न घेता कागदावर घ्यावीत, शेजारच्याचे पाहता येणार नाही असे बसवावे, आणि पर्यायांचा क्रम एका वेळी खालून वर व दुसऱ्या वेळी वरून खाली ठेवावा. कारण पहिल्या पर्यायापुढे खूण करून मोकळे होणारी मुले प्रत्येक वर्गात असतातच.

हात वर करविल्याची हकीकत

आता मघाशी सांगितलेली गोष्ट. सहावीचा वर्ग माझ्याकडे होता, आणि तक्ता मी हात वर करवून भरला. एका मुलीने सर्व बाबींत 'उत्तम' म्हणून हात वर केला होता, व मी तसे लिहूनही टाकले. ती अबोल, नीटनेटकी, कधी गैरहजर नसणारी. पुढे काही दिवसांनी सवड मिळाली, तेव्हा अंगणवाडीमागच्या मोकळ्या जागेत फेऱ्या आखून ६०० मीटर खरोखरच घेतले. दुसऱ्या फेरीतच ती भिंतीला हात टेकून उभी राहिली आणि चप्पल तुटली असे म्हणाली. चप्पल शाबूत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की खो-खोच्या वेळी गुण लिहिण्याचे काम ती नेहमी आपण होऊन मागून घेत असे, आणि मी त्यास तिची हौस समजत आलो होतो. आरोग्य तपासणीचे पथक आले त्या वेळी तिला मुद्दाम पुढे केले. रक्त कमी निघाले, आणि औषधोपचार सुरू झाला.

तिची आई म्हणाली, की ती घरी पाण्याचे दोन हंडे आणते, कधी कुरकुर करीत नाही. मुलीनेही खोटे सांगितले नव्हते. दम लागणे हीच तिची नित्याची स्थिती होती. दम न लागता धावणे कसे असते, हे तिला ठाऊकच नव्हते. जे शरीर कधी निराळे अनुभवलेले नाही, त्याविषयी प्रश्नावलीत निराळे उत्तर कोठून येणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ५९.१ मुलींत रक्तक्षय आढळला होता, हे लक्षात घेतले म्हणजे अशी मुलगी एखाद्याच वर्गात असेल असे मानता येत नाही. शाळेत येणारे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे असते; हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. पथकाजवळ वेळ थोडा असतो व पट मोठा असतो. कोणाकडे अधिक बारकाईने पाहावे, हे त्यास शिक्षकच सांगू शकतो. माझ्या तक्त्यावर विसंबून पथकाने काम केले असते, तर ती मुलगी 'उत्तम' म्हणून पुढे गेली असती.

कसोटीही निर्दोष नव्हे

ह्यावरून मोजले की सारे झाले, असेही समजू नये. एप्रिलच्या मध्यास सोलापुरात अकरा वाजता घेतलेले ६०० मीटर आणि डिसेंबरच्या सकाळी घेतलेले ६०० मीटर ह्यांचे आकडे शेजारी मांडून मुलाची प्रगती वा अधोगती ठरविणे व्यर्थ आहे. उन्हाळ्यात तर ही कसोटी सकाळी लवकर घ्यावी, अन्यथा घेऊच नये. बहुतेक शाळांना २०० मीटरचा धावमार्ग नसतो. ५० मीटरच्या बारा खेपा करविल्या, तर अकरा वेळा वळावे लागते व प्रत्येक वळणावर वेळ जातो. अशा शाळेचा आकडा मोठ्या मैदानावरील शाळेच्या आकड्याशी ताडू नये, त्याच शाळेच्या मागील वर्षीच्या आकड्याशी ताडावा. पहिल्यांदाच धावणारे मूल आरंभी सारा जोर खर्च करून टाकते. एकदा सराव दिल्यावर तेच मूल निराळी वेळ नोंदविते.

मापाच्या मर्यादेचे एक प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी शेकडा ९.१, तर याज्ञिक ह्यांच्या शरीरात शेकडा २१.२! पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या गर्भवतींच्या व बालकांच्या अभ्यासातही, आपल्याकडील मूल वजनाने लहान दिसले तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असू शकते, असे दिसून आलेले आहे. बारीक दिसणारे मूल 'चपळ', भरलेले दिसणारे मूल 'सुस्त', हा आपला नेहमीचा आडाखा येथे कामास येत नाही. आणि हा आडाखा मुलेही आपल्यापासूनच शिकतात व प्रश्नावलीत लिहितात.

मग विचारावेच कशाला? मोजलेल्या आकड्याशेजारी मुलाचे उत्तर ठेवले, तर त्या दोहोंतील अंतर शिक्षकाला बरेच काही सांगते. उत्तर चांगले व आकडा कमी असेल, तर आजाराची, उपासाची किंवा संकोचाची चौकशी करावी. सकाळी न जेवता आलेले मूल पोषण आहाराच्या सुटीनंतर कसे दिसते, तेही पाहावे. धाव मात्र जेवणानंतर लगेच घेऊ नये. आकडा चांगला व उत्तर कमी असेल, तर त्या मुलास कोणीतरी काहीतरी म्हटलेले असते. मुलींच्या बाबतीत असे विशेष आढळते. धावणाऱ्या मुलीला घरी-दारी कौतुक क्वचितच मिळते, व ती आपली वेळ पाहूनही 'बरी' असेच लिहिते.

त्यासाठी क्रम असा ठेवावा. उत्तरे आधी घ्यावीत व कसोटी नंतर. उलट केल्यास मूल आकडाच उत्तर म्हणून लिहिते. उत्तरांचा रकाना तक्त्यात न धरता वेगळ्या वहीत धरावा, म्हणजे वर पाठविण्याच्या आकड्यांत तो चुकून मिसळणार नाही. ज्या बाबींची मोजणी झाली नाही, तेथे तक्त्यात 'मोजले नाही' असे लिहावे. केंद्रावर त्याबद्दल विचारणा होईल, तेव्हा पटांगणाची, घड्याळाची किंवा माणसांची जी अडचण असेल ती लेखी कळवावी. विचारून भरलेला रकाना भरलेलाच दिसतो, व मग शाळेला घड्याळ हवे आहे हे कोणास कळत नाही.

मुलांची उत्तरे वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नयेत. वर्षाच्या शेवटी ज्याचा कागद त्यास परत द्यावा. पुढच्या वर्षी लिहिताना तो न पाहता लिही, एवढेच सांगावे.